यकृतातली छोटी गाठ: सुई, नळी की दुर्बीण?

माझ्या मामांच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात मध्येच एक ओळ होती: यकृताच्या सेगमेंट ६ मध्ये (डॉक्टर यकृताचे आठ भाग मानतात, त्यातला सहावा) २२ × १९ मिलिमीटरची गाठ. मामांना काहीच होत नव्हतं. भूक नीट, वजन जागच्या जागी, पहाटेचं फिरणं चालू. हेपॅटायटिस बी जुना, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. त्यातल्या दोन खेपा मामांनी 'बरं चाललंय की' म्हणून बुडवलेल्या. त्या ओळीपासून उपचारापर्यंत सात आठवडे गेले. त्यातले तीन फुकट गेले, ते कसे ते पुढे सांगतो.

तेव्हापासून ओळखीत कुणाकडे असा रिपोर्ट आला की फोन मला येतो. मी डॉक्टर नाही, फाईल सांभाळणारा भाचा आहे. निर्णय डॉक्टरांचाच. पण त्यांच्यासमोर दहा मिनिटं मिळतात आणि त्या दहा मिनिटांत काय विचारायचं हे आधी ठाऊक असलं तर खूप फरक पडतो. हा लेख त्यासाठी. इथे फक्त यकृतातच सुरू होणाऱ्या, सर्वांत जास्त आढळणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहितो आहे: हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, डॉक्टरांच्या बोलीत एचसीसी. मोठ्या आतड्यातून किंवा स्तनातून यकृतात पसरलेल्या कॅन्सरचं गणित वेगळं असतं.

आजार दोन असतात

आधी शब्दाचा घोळ. मटणाच्या दुकानात आपण काळीज मागतो तेव्हा यकृतच मागत असतो, आणि बोलताना काळीज म्हणजे हृदय. 'काळजाला गाठ आहे' असं ऐकल्यावर आजीने छातीला हात लावला होता. तेव्हापासून घरात सगळेच 'लिव्हर' म्हणायला लागले.

खरा मुद्दा हा की एचसीसी बहुतेक वेळा निरोगी यकृतात उगवत नाही. हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, दारू, किंवा मधुमेह आणि वजनासोबत येणारं फॅटी लिव्हर यांनी वर्षानुवर्षं यकृताला इजा होते, जखमा भरताना चट्टे पडतात, सिरॉसिस होतो आणि त्या खरखरीत यकृतात गाठ धरते. हेपॅटायटिस बी मध्ये सिरॉसिस नसतानाही धरू शकते. म्हणजे पेशंटला आजार दोन: एक गाठ आणि दुसरा, गाठ ज्यात उगवली ते यकृत. भिंतीवरचा ओलीचा डाग खरवडून रंग दिला तरी ओल भिंतीत असतेच. पुढच्या प्रत्येक पायरीवर हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे: या उपचाराने गाठीचं काय होईल, आणि उरलेलं यकृत तो सोसेल का?

पहिली पायरी: गाठ कसली, ते पक्कं करा

सोनोग्राफीने फक्त 'काहीतरी आहे' एवढं कळतं. पुढची तपासणी म्हणजे ट्रायफेसिक, म्हणजे तीन टप्प्यांत फोटो घेणारा, सीटी स्कॅन किंवा कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेत टोचायचं औषध) देऊन केलेला एमआरआय. ट्रायफेसिक या शब्दावर अडून बसा. आमचे तीन आठवडे इथेच गेले. गावाजवळच्या एका सेंटरवर सीटी झाला, कॉन्ट्रास्टही दिला, पण फोटो एकाच टप्प्यात घेतले. रिपोर्ट आला, 'दुसरीकडून पसरलेली गाठ असू शकते.' मग ते दुसरीकडचं मूळ शोधायला कोलोनोस्कोपीपर्यंत सगळं झालं. काही निघालं नाही. पुण्यातल्या डॉक्टरांनी सीडी लावली, अर्ध्या मिनिटात बाहेर काढली आणि म्हणाले, "काका, हा पुन्हा करावा लागेल."

टप्पे का लागतात, ते समजलं की हे लक्षात राहतं. यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. जवळपास तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून आणि उरलेलं धमनीतून. एचसीसीची गाठ मात्र जवळजवळ सगळं रक्त धमनीतून ओढते. त्यामुळे कॉन्ट्रास्ट टोचल्यावर साधारण अर्ध्या मिनिटाने, धमनीच्या टप्प्यात, गाठ आजूबाजूच्या यकृतापेक्षा उजळ दिसते. मिनिटभराने पोर्टलचा टप्पा येतो आणि तीन ते पाच मिनिटांनी उशिराचा टप्पा. तोवर यकृत उजळतं आणि गाठ फिकी पडते. या फिकं पडण्याला वॉशआउट म्हणतात. आधी उजळली, मग फिकी पडली, आकार एक सेंटिमीटर किंवा जास्त आणि पेशंटला सिरॉसिस किंवा जुना हेपॅटायटिस बी: एवढं जुळलं तर बायोप्सीशिवाय निदान पक्कं धरतात. रिपोर्टात 'लाय-रॅड्स ५' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हाच.

बायोप्सी का नको, असं नातेवाईक विचारतात. चित्र स्पष्ट नसेल तर ती करावीच लागते. पण सुईच्या वाटेने पेशी बाहेर रुजण्याचा धोका शंभरात दोन-तीन जणांना असतो, म्हणून गरज नसताना टोचत नाहीत. आणि एएफपी ही यकृताच्या कॅन्सरसाठी होणारी रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणून सुटलो असं समजू नका. लहान गाठीत अनेकांची एएफपी नॉर्मलच असते. मामांची होती.

फिल्मपेक्षा सीडी किंवा पेनड्राइव्ह जपा. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळे काप असतात. सुई कुठून घालायची ते डॉक्टर त्या कापांवरूनच ठरवतात.

दुसरी पायरी: उरलेल्या यकृताचा हिशोब

याला चाइल्ड-प्यू स्कोअर म्हणतात. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ म्हणजे आयएनआर, पोटात पाणी आहे का आणि झोपेचं-भानाचं काही बिघडलं आहे का, या पाच गोष्टींना एक ते तीन गुण. ५-६ गुण म्हणजे ए, यकृत बऱ्यापैकी सावरून आहे. ७ ते ९ म्हणजे बी. १० किंवा जास्त म्हणजे सी, आणि तिथे गाठ कितीही लहान असली तरी सुईपेक्षा आधी यकृत प्रत्यारोपणाचा विचार होतो.

सोबत प्लेटलेट्स बघा. प्लीहा मोठी आणि प्लेटलेट्स एक लाखाच्या खाली असतील तर पोर्टल शिरेत दाब वाढलेला असण्याची शक्यता असते. हा दाब ऑपरेशनच्या निर्णयात फार मोलाचा, कारण असं यकृत कापल्यावर नीट सावरत नाही. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा आहेत का, ते बघायला एंडोस्कोपीही सांगतील. 'गाठ लिव्हरमध्ये, मग घशातून दुर्बीण कशाला,' असं मामी म्हणाल्या होत्या. उत्तर हेच.

तिसरी पायरी: टप्पा

डॉक्टर बहुधा बीसीएलसी हा शब्द वापरतील. बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी १९९९ साली केलेली ही मांडणी, २०२२ मध्ये सुधारलेली. टप्पा शून्य म्हणजे दोन सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ. टप्पा ए म्हणजे त्याहून मोठी एकच गाठ, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक तीन सेंटिमीटरच्या आत. दोन्हींत यकृत सावरलेलं, रक्तवाहिनीत शिरकाव नाही, शरीरात इतरत्र पसरलेला नाही आणि पेशंट आपली कामं आपण करतो. याला सुरुवातीचा टप्पा म्हणायचं. या लेखातले उपचार प्रामुख्याने त्यासाठीच आहेत आणि हेतू बरं करण्याचा असतो, नुसते दिवस वाढवण्याचा नाही.

चौथी पायरी: पर्याय समजून घ्या. आधी सुई

अ‍ॅब्लेशन म्हणजे पोट न उघडता, सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत गाठीत सुई नेऊन ती जागेवरच मारणं. त्यातले दोन प्रकार आपल्याकडे नेहमीचे.

आरएफए, म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन. सुईच्या टोकातून उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह सोडतात, पेशींतले आयन थरथरतात, घर्षणाने उष्णता होते. साठ अंशांच्या वर पेशी जवळपास लगेच मरतात. पण शंभराच्या वर गेलं की ऊती करपून कोळसा होते, कोळशातून प्रवाह पुढे जात नाही आणि भाजणं तिथेच अडकतं. म्हणून मशीन तापमान सांभाळत हळूहळू जातं. एका जागेला दहा-बारा मिनिटं तरी लागतात. विजेचं वर्तुळ पुरं करायला मांड्यांवर पॅड चिकटवतात. पेसमेकर असेल तर आधीच सांगा.

एमडब्ल्यूए, म्हणजे मायक्रोवेव्ह अ‍ॅब्लेशन. तत्त्व स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हचंच आणि अनेक मशीनांची वारंवारताही तीच, २४५० मेगाहर्ट्झ. पाण्याचे रेणू हलवून ऊती आतून तापते. मांडीला पॅड लागत नाही, वेळ कमी लागतो, तापमान जास्त चढतं.

दोन्हींतला फरक कळतो तो गाठीशेजारी मोठी रक्तवाहिनी असते तेव्हा. तीन मिलिमीटरपेक्षा जाड वाहिनीतलं वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं. चुलीवरच्या तापल्या भांड्यावर सतत गार पाण्याची धार धरली तर जे होईल तेच. त्या बाजूच्या पेशी अर्धवट भाजून वाचतात आणि गाठ तिथूनच पुन्हा वाढते. मायक्रोवेव्हला याचा त्रास कमी होतो, म्हणून अशा जागी आणि तीन सेंटिमीटरच्या आसपासच्या गाठींना अनेक डॉक्टर तेच घेतात. दोन सेंटिमीटरच्या आतल्या, मोकळ्या जागेतल्या गाठीला मात्र हे की ते यावर फार डोकं शिणवू नका. ज्या डॉक्टरांचा हात ज्यावर बसला आहे ते चांगलं.

एक आकडा समजून घ्या. गाठ २२ मिलिमीटरची असेल तर २२ मिलिमीटर जाळून भागत नाही. चहूबाजूंनी निदान ५ मिलिमीटरचा निरोगी काठ जाळायला हवा, शक्य तिथे १०. म्हणजे मामांच्या गाठीला कमीत कमी ३२ मिलिमीटरचा गोळा. हाच हिशोब चार सेंटिमीटरच्या गाठीला लावला की कळतं, एका सुईचं काम का अवघड होतं. तीनच्या आत उत्तम, तीन ते पाचमध्ये बरेचदा नळीच्या उपचारासोबत जोडून, त्यापुढे सुई एकटी पुरत नाही.

जागा तर आकाराइतकीच महत्त्वाची. पित्ताशयाला खेटून, मुख्य पित्तनलिकेजवळ, आतड्याला टेकून, डायाफ्राम म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली: या अवघड जागा. मामांची गाठ सेगमेंट ६ च्या खालच्या कडेला, मोठ्या आतड्याच्या वळणापासून जेमतेम चार मिलिमीटरवर. आतडं भाजलं तर भोक पडू शकतं. तिथे डॉक्टरांनी केलं काय, तर आधी एका बारीक सुईने यकृत आणि आतडं यांच्यामध्ये पाणी सोडलं. आतडं दोन बोटं बाजूला सरकलं, मग जाळलं. याला हायड्रोडिसेक्शन म्हणतात. आरएफए असेल तर मिठाचं सलाईन न वापरता ग्लुकोजचं पाणी वापरतात, कारण मिठाच्या पाण्यातून वीज वाहते. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा: "गाठीशेजारी काय आहे, आणि ते वाचवायला तुम्ही काय करणार?" या एका प्रश्नाच्या उत्तरावरून बराच अंदाज येतो.

निकालांचं म्हणाल तर, इटलीतल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये दोन सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ असलेल्या २१८ पेशंटची आरएफएनंतरची माहिती दिली. ९७ टक्क्यांत ती गाठ पूर्ण मेली आणि मेलेलीच राहिली. त्याआधी २००३ मध्ये इटलीतल्याच अनेक केंद्रांतल्या २,३२० पेशंटच्या नोंदींत गंभीर गुंतागुंत २.२ टक्के आणि मृत्यू ०.३ टक्के होते. रक्तस्राव, पू होणं, आतड्याला इजा ही त्यातली मुख्य कारणं. छोटी सुई म्हणजे छोटा उपचार नव्हे, हे या आकड्यांतही दिसतं.

बाकीच्या सुया थोडक्यात. गाठीत शुद्ध अल्कोहोल टोचणं हा जुना आणि स्वस्त उपाय. निकाल आरएफएपेक्षा कमी, पण उष्णता चालणार नाही अशा जागी अजून कामी येतो. क्रायोमध्ये आर्गॉन वायूने गाठ उणे चाळीस अंशांच्या खाली गोठवतात आणि बर्फाचा गोळा सीटीवर स्पष्ट दिसतो. आयआरई म्हणजे विजेच्या झटक्यांनी पेशींच्या भिंतींना भोकं पाडणं. हे दोन्ही मोजक्या ठिकाणीच मिळतात.

दुर्बीण

लॅप्रोस्कोपी किंवा रोबोटने यकृताचा गाठीसकटचा तुकडा काढणं. काढलेला तुकडा तपासायला मिळतो, म्हणजे कड स्वच्छ आहे का आणि सूक्ष्म वाहिन्यांत शिरकाव आहे का, ते कळतं. सुईत हे कळत नाही. तीन सेंटिमीटरच्या पुढच्या एकट्या गाठीला, यकृत चांगलं आणि पोर्टल दाब वाढलेला नसेल, तर मी सर्जनना आधी भेटा असंच सांगतो. सिरॉसिसमध्ये निदान ४० टक्के यकृत मागे उरायला हवं (निरोगी यकृतात २०-२५ टक्के चालतं), म्हणून सर्जन सीटीवरून आधी माप काढतात. डावीकडचे सेगमेंट २ आणि ३, पुढचे-खालचे ४, ५, ६ दुर्बिणीला सोपे. मागचे-वरचे ७ आणि ८ अवघड. तिथे हट्टाने दुर्बीण मागू नका. पोट उघडून नीट काढलेली गाठ, दुर्बिणीने अर्धवट निघालेल्या गाठीपेक्षा बरी.

तीन सेंटिमीटरच्या आतल्या गाठींत मात्र चुरस आहे. जपानमध्ये 'सर्फ' नावाच्या चाचणीत तीनपर्यंत, प्रत्येकी तीन सेंटिमीटरच्या आतल्या गाठी असलेल्या पेशंटची ऑपरेशन आणि आरएफए अशी तुलना केली. गाठ परत येण्यात किंवा जगण्याच्या काळात फरक दिसला नाही. 'सर्जन कापायचं म्हणतात, रेडिओलॉजिस्ट जाळायचं म्हणतात, खोटं कोण बोलतंय?' असं मला एकीने रडकुंडीला येऊन विचारलं होतं. खोटं कुणीच नाही. इथे निर्णय जागेवर, वयावर आणि यकृतावर ठरतो.

नळी आणि किरणं

सुईला जागा नाही, ऑपरेशन सोसणार नाही किंवा प्रत्यारोपणाच्या यादीत थांबायचं आहे, तेव्हा नळी. टेस म्हणतात तो टीएसीई: अँजिओग्राफीसारखीच जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून थेट गाठीच्या धमनीपर्यंत जातात, औषध सोडतात आणि धमनी बुजवतात. गाठीचं रक्त धमनीतून आणि यकृताचं मुख्यतः पोर्टलमधून, याचाच फायदा घेतलेला असतो. नंतर दोन-चार दिवस ताप, दुखणं, मळमळ होते. हा मुळात मधल्या टप्प्याचा उपचार. लहान एकट्या गाठीला तो पहिला पर्याय म्हणून सुचवला तर 'सुई का नाही?' हे जरूर विचारा.

टीएआरईमध्ये त्याच वाटेने इट्रियम-९० चे अतिसूक्ष्म मणी सोडतात आणि किरणोत्सार आतूनच होतो. अर्धायू ६४ तासांचं, पल्ला काही मिलिमीटरचा. आधी एक तालीम होते, मणी फुप्फुसाकडे निसटणार नाहीत ना ते बघायला. म्हणून दोन खेपा धरा. आयात मणी फार महाग. भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभास्फिअर' नावाचे देशी मणी तयार केले आहेत, तुमच्या केंद्रात मिळतात का ते विचारा. एसबीआरटी म्हणजे बाहेरून, श्वासाच्या लयीशी जुळवून, बहुधा तीन ते पाच बैठकींत दिलेलं अचूक रेडिएशन. ना भूल, ना टाका. रक्त पातळ करणारी औषधं थांबवता न येणाऱ्यांना किंवा डायाफ्रामखालच्या गाठीला हा चांगला मार्ग आहे.

आणि प्रत्यारोपण, जे दोन्ही आजार एकदम काढतं. मिलानमधल्या १९९६ च्या निकषांनुसार एक गाठ पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी प्रत्येकी तीनच्या आत. यकृत खालावलेलं असेल तर हा विषय पहिल्याच भेटीत काढा. महाराष्ट्रात मृत दात्याच्या यकृताची नोंदणी झेडटीसीसी या अवयव-वाटपाचा समन्वय करणाऱ्या संस्थेच्या विभागीय केंद्रांतून होते: मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर.

पाचवी पायरी: मत आणि पैसा

एका डॉक्टरच्या मतावर न ठरवता ट्यूमर बोर्ड मागा. हेपॅटॉलॉजिस्ट म्हणजे यकृताचे डॉक्टर, यकृताचे सर्जन, सुई-नळीचे उपचार करणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आणि कॅन्सरचे डॉक्टर म्हणजे ऑन्कॉलॉजिस्ट एका टेबलावर बसून फाईल बघतात ती बैठक. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी ती नियमित होते, मोठ्या शहरांतल्या खासगी हॉस्पिटलांतही होते. टाटाशी जोडलेल्या 'नव्या' सेवेतून फाईल ऑनलाइन पाठवूनही मत घेता येतं. नीट मत घ्यायला दोन आठवडे गेले तर सहसा बिघडत नाही. तीन महिने गेले तर बिघडतं.

खर्चात मोठा वाटा एकदाच वापरायच्या सुईचा असतो. अंदाजपत्रकात सुई, भूल आणि सीटीची खोली धरली आहे का, ते लेखी घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा आणि 'योजना चालते का' एवढंच न विचारता 'हा उपचार या योजनेत, या हॉस्पिटलात मंजूर होतो का' असं विचारा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. विमा असेल तर पूर्वमंजुरी भरतीच्या आधी.

सहावी पायरी: तयारी आणि तो दिवस

प्लेटलेट्स साधारण पन्नास हजारांच्या वर हव्यात, आयएनआर मर्यादेत, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) ताजं. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन चालू असेल तर ज्या डॉक्टरांनी दिलं त्यांनाच विचारून बंद करा, मनाने नाही. मधुमेह असेल तर उपाशीपोटी कुठली गोळी घ्यायची ते लिहून घ्या. पूर्वी पित्तनलिकेत स्टेंट घातला असेल किंवा नलिका आतड्याला जोडली असेल तर ते ठळक सांगा. अशांना नंतर पू होण्याचा धोका बराच जास्त असतो. काढे, झाडपाला, भुकट्या सगळं सांगा, लाजू नका. कोविडच्या काळात गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी केल्या होत्या. आयुष मंत्रालयाला ते पटलं नव्हतं. पण आधीच अधू असलेल्या यकृतावर ही परीक्षा कशाला?

त्या दिवशी मामा सहा तास उपाशी. सकाळी साडेआठला आत नेलं. पूर्ण भूल दिली, कारण सुई नेताना श्वास ठरावीक जागी थांबवावा लागतो. बाहेर आम्ही दोन तास बसलो. प्रत्यक्ष जाळणं सहा-सहा मिनिटांचं दोनदा, बाकी वेळ जागा जुळवण्यात आणि सीटी काढण्यात. सुई बाहेर काढतानाही तिची वाट तापवत काढतात, म्हणजे रक्त येत नाही आणि पेशी वाटेत रुजत नाहीत. बाहेर आले तेव्हा उजव्या बरगडीखाली दहा रुपयांच्या नाण्याएवढी पट्टी. मामींनी चादर उचलून दोनदा पाहिलं. "एवढंच?" उजव्या खांद्यात मात्र कळ होती, डायाफ्राम चिडला की दुखणं खांद्यात उमटतं. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, दुपारी घरी.

सातवी पायरी: घरी आल्यावर

तिसऱ्या दिवसाच्या आसपास कणकण, अंगदुखी, फ्लूसारखं वाटतं आणि पाच-सात दिवसांत ओसरतं. मेलेल्या पेशींचा निचरा करताना शरीर असं वागतं. पॅरासिटामॉल चालतं, पण सिरॉसिसमध्ये दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० च्या चार गोळ्या ही वरची हद्द. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको, मूत्रपिंड बसतं.

हुडहुडी भरून ताप, आठवड्यानंतरही न उतरणारा किंवा उतरून पुन्हा चढणारा ताप, पोट दगडासारखं होणं, काळी शौच, डोळे पिवळे होणं, असंबद्ध बोलणं: यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल. जळलेल्या जागी पू कधीकधी दोन-तीन आठवड्यांनीही होतो, म्हणून 'आता काय, महिना होत आला' असं म्हणू नका.

लिव्हरचा पेशंट म्हणून घराघरांत डाळ, अंडी, दूध बंद होतं. हे उलटं आहे. सिरॉसिसमध्ये स्नायू झपाट्याने झडतात, प्रथिनं जास्तच हवीत, आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडं खाणं हवं. मीठ कमी करायचं ते पोटात पाणी असेल तर. लोणचं, पापड, फरसाण आधी बंद. दारू पूर्ण बंद, थेंबही नाही. कॉफी मात्र खुशाल घ्या. कॉफी पिणाऱ्यांत यकृताचा कॅन्सर कमी आढळतो असं अनेक पाहण्यांत दिसलं आहे. मामा चहाचे, त्यांनी हे मानलं नाही.

आठवी पायरी: पहिला एमआरआय आणि पुढची वर्षं

साधारण महिन्याने पहिला स्कॅन. मामांच्या रिपोर्टात लिहून आलं, '४१ × ३६ मिलिमीटर'. मामांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला आणि फोनच बंद केला. गाठ महिन्यात दुप्पट झाली असं त्यांना वाटलं. ती गाठ नव्हती, जाळलेली जागा होती, आणि ती मूळ गाठीपेक्षा मोठी असायलाच हवी. वरचा ३२ मिलिमीटरचा हिशोब आठवा. रिपोर्टात आकार न बघता हे शोधायचं: धमनीच्या टप्प्यात आत किंवा कडेला काही उजळतं आहे का? काहीच उजळत नसेल तर जागा मेली आहे. कडेला चंद्रकोरीसारखं उजळलं तर थोडी शिल्लक आहे, आणि तेवढ्याला पुन्हा सुई घालता येते.

पुढे पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी सीटी किंवा एमआरआय आणि एएफपी, मग दर सहा महिन्यांनी. पाच वर्षांत सिरॉसिसच्या यकृतात दहापैकी सहा-सात जणांना पुन्हा कुठेतरी गाठ दिसते, उपचार सुईचा असो वा ऑपरेशनचा. ओल भिंतीत असते म्हटलं ते हे. ती ओल कमी करायचं औषध हेपॅटायटिसमध्ये हाताशी आहे: बी साठी टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर, रोज, न चुकता, सी तर बहुतेकांचा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बराच होतो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांत दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. बी असेल तर घरातल्या सगळ्यांची तपासणी करा, ज्यांना नाही त्यांना लस. आमच्याकडे मामांचा थोरला मुलगा तेव्हाच पॉझिटिव्ह निघाला. आता त्याचीही सहा महिन्यांची सोनोग्राफी कॅलेंडरवर मामांच्या तारखेशेजारी लिहिलेली असते.

मामांनी एकही खेप बुडवली नाही. एकोणिसाव्या महिन्यात सेगमेंट ८ मध्ये ११ मिलिमीटरची नवी गाठ दिसली, जुन्या जागेपासून लांब. चाइल्ड-प्यू अजून ५. सोमवारी भरती, मंगळवारी सुई, बुधवारी दुपारी एसटीने घरी. गाडीने सोडतो म्हटलं तर ऐकेनात.